ओढा सांभाळायचा, तर खर्च किती?

पुण्यात पाषाणच्या खालच्या अंगाला रामनदीचा एक तुकडा आम्ही सहा शेजारी मिळून सांभाळतो. सांभाळतो म्हणजे दर महिन्याला तिचं पाणी तपासतो, काठ झाडतो, झाडं लावतो आणि जगवतो. आम्हाला गमबूट घालून पाण्यात उभं पाहिलं की कुणीतरी थांबतं आणि विचारतं, "आमच्या सोसायटीमागेही ओढा आहे. असं काही करायचं तर किती पैसे लागतील?"

उत्तर आधीच देते. एकट्याने फक्त पाण्याची नोंद ठेवायची तर पहिल्या वर्षी एक ते दोन हजार रुपये. सहा जणांच्या गटाला, प्रयोगशाळेच्या तपासणीसकट, वर्षाला चोवीस हजारांच्या आसपास, म्हणजे माणशी महिना साधारण सव्वातीनशे. झाडं लावून दोन उन्हाळे जगवायची तर एका झाडामागे साडेपाचशे ते सहाशे रुपये वेगळे धरा. खाली दिलेले दर पुण्यातले आणि अंदाजे आहेत. दुकानागणिक, गावागणिक ते बदलतील.

पैशांहून मोठा खर्च आहे तो वेळेचा आणि नेमाचा. बहुतेक गट तिथेच ढेपाळतात. म्हणून त्याचाही हिशोब पुढे दिला आहे.

आधी फुकटचं काम

काहीही विकत घेण्याआधी ओढा कुठून येतो आणि कुठे जातो ते बघा. रामनदी खाटपेवाडीच्या डोंगरात उगम पावते. भुकूम, भूगाव, बावधनवरून ती पाषाण तलावात येते, तिथून सोमेश्वरवाडी, बाणेर करत औंधजवळ मुळेला मिळते. आपल्या पुलाखाली दिसणारं पाणी वरच्या कुठल्या गावाचं, कुठल्या वस्तीचं आहे हे कळलं नाही, तर आपण कायम दुसऱ्याचा कचरा उचलत राहतो.

त्यासाठी लागणारं बरंच काही मोफत मिळतं. सर्वे ऑफ इंडियाचे नकाशे नोंदणी करून घेता येतात. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं बघितली की पात्र कुठे अरुंद झालं, भराव कुठे पडला ते डोळ्यांनी दिसतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्यातल्या नद्यांच्या ठरावीक ठिकाणांची आकडेवारी संकेतस्थळावर देतं. मात्र गल्लीबोळातले ओढे त्या यादीत सहसा नसतात. तुमच्या ओढ्याची नोंद तुम्ही ठेवली नाही, तर बहुधा कुणीच ठेवत नाही.

ओढ्याकडे दुर्लक्ष करण्याची किंमत पुण्याने मोजली आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणारा आंबिल ओढा फुगला आणि काठच्या वस्त्यांत, सोसायट्यांत शिरला. भिंती कोसळल्या, माणसं आणि जनावरं वाहून गेली. एरवी ज्याला लोक नाला म्हणून नाक दाबून ओलांडत होते, तो त्या रात्री आपली जुनी वाट मागत आला होता.

एकट्याचं सामान : एक ते दोन हजार

- दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल : १०० रुपये. शाई पाण्याने पसरते, पेन्सिल पसरत नाही.
- काचेचा थर्मामीटर : १०० ते २००
- पीएच पट्ट्या : १०० ते २००
- टीडीएस पेन : २०० ते ५००
- गमबूट : ३५० ते ७००
- कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे : ६० ते १५०
- दोरी बांधलेली छोटी बादली, झाकणाच्या बाटल्या : १५०
- घरातली पिठाची जुनी चाळणी आणि पांढरं ताट : शून्य

गमबूट, दोऱ्या, घमेली रविवार पेठेत बोहरी आळीत स्वस्त पडतात. गमबूट एक माप मोठे घ्या. आत जाड मोजे घालावे लागतात, आणि पाय चिखलात रुतला तर बुटातून चटकन निघायला हवा.

टीडीएस पेनचा उपयोग नीट समजून घ्या. पाण्यात किती क्षार विरघळलेत याचा तो अंदाज देतो, पाणी स्वच्छ की घाण ते सांगत नाही. त्याचा खरा उपयोग तुलनेत आहे. आम्ही तीन जागा ठरवल्या आहेत : संशयित पाइपच्या वर, पाइपच्या लगेच खाली आणि शंभर पावलं पुढे. पहिल्याच महिन्यात वरच्या आणि खालच्या आकड्यात दुपटीहून जास्त फरक आला. पाइपावर "पावसाळी पाणी" असं रंगवलेलं होतं आणि महिना फेब्रुवारी होता.

चाळणी आणि पांढरं ताट हे सामानातलं सगळ्यात हुशार यंत्र आहे. तळाचे दगड ताटात धुवा आणि काय वळवळतं ते बघा. रक्तासारख्या लाल अळ्या दिसल्या, तर पाण्यात प्राणवायू अगदी कमी असण्याची शक्यता असते. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तिथे टिकतात. शेपटीला दोन-तीन लांब तंतू असलेली मेफ्लायची पिल्लं सापडली, तर तो दिवस वहीत लाल पेन्सिलीने लिहा. ती घाण पाण्यात राहत नाहीत.

गटाचं सामान : वर्षाला चोवीस हजार

सहा जणांचे बूट आणि हातमोजे साडेतीन हजार, वरची सामाईक उपकरणं हजारभर, दाताळी, कोयते, घमेली, पोती आणि प्रथमोपचाराची पेटी अडीच हजार. यात दोन महत्त्वाच्या गोष्टींची भर घाला.

पहिली म्हणजे विरघळलेला प्राणवायू मोजण्याचं किट. दीड ते तीन हजारांत पन्नास ते शंभर चाचण्या होतात. तीन जागा आणि बारा महिने म्हणजे छत्तीस चाचण्या, त्यामुळे एक किट वर्षभर पुरतं. पंधरा हजारांच्या पुढचं डिजिटल मीटर सुरुवातीला घेऊ नका. त्याचा सेन्सर सांभाळावा लागतो, दर वेळी जुळवावा लागतो. दुर्लक्ष झालं की तो खोटं बोलतो आणि खोटं बोलतोय हे कळतही नाही.

किटची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. बाटली पाण्याखालीच भरून, आत हवेचा एकही बुडबुडा न ठेवता बूच लावायचं. मग दोन द्रावणांचे थेंब टाकून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल, तर तपकिरी साका धरतो. जितका जास्त, तितका रंग गडद. काहीच नसेल, तर साका पांढरा राहतो. पुढे आम्ल घालून, थेंब मोजत रंग उडवून आकडा काढायचा असतो, पण खरी बातमी या साक्यातच असते. पाइपखालच्या आमच्या पहिल्या बाटलीत साका पांढरा बसला. दह्यासारखा. गटातली आठवीतली मुलगी बाटली उन्हाकडे धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, म्हणजे यात मासा आत्ता सोडला तर?" कुणी उत्तर दिलं नाही. तिला ते कळलं होतं.

आकडा कशाशी ताडायचा? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीव जगण्यासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, आंघोळीसाठी किमान ५, आणि आंघोळीच्या पाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. ही तीन मानकं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रयोगशाळेची तपासणी. बीओडी, सीओडी (घाणीचं रासायनिक विघटन करायला लागणारा प्राणवायू) आणि मैलापाण्यातले जिवाणू तपासायला एका नमुन्याचे दोन ते पाच हजार घेतात. वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस ओसरल्यावर, दोन जागांचे नमुने दिले तर सरासरी साडेतीन हजारांनी चौदा हजार होतात. गटाच्या खर्चात हा आकडा सगळ्यात मोठा, म्हणून तो वाया जाऊ देऊ नका :

- एनएबीएल मान्यतेची प्रयोगशाळाच निवडा. अहवालावर मान्यतेचा क्रमांक असतो.
- जिवाणूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक करून घ्या. ती ओढ्यात विसळायची नाही. बाकीच्या बाटल्या मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळा.
- तोंड प्रवाहाकडे करून, काठापासून दूर, पृष्ठभागाखाली वीतभर खोल बाटली भरा.
- बर्फाच्या डब्यातून सहा तासांच्या आत पोचवा. रविवारी नमुना घेऊ नका. प्रयोगशाळा बंद असते आणि सोमवारपर्यंत पाणी बदलून जातं.

आम्ही पहिल्या वर्षी हीच चूक केली. रविवारी सकाळी उत्साहाने बाटल्या भरल्या, रात्रभर कुणाच्या तरी फ्रिजमध्ये ठेवल्या आणि सोमवारी नेऊन दिल्या. तपासनिसाने वेळ विचारली आणि शांतपणे बाटल्या परत केल्या. पैसे वाचले, एक ऋतू हुकला.

वेळ : वर्षाला साठ तास

महिन्याला तपासणीचे तीन तास आणि साफसफाईचे दोन, म्हणजे वर्षाला साठ तास. अट एकच : तीच जागा आणि तीच वेळ. पाण्यातल्या शेवाळामुळे प्राणवायू दुपारी चढतो आणि पहाटे तळाला जातो. एका महिन्यात सकाळी सातला आणि पुढच्या महिन्यात दुपारी दोनला मोजलं, तर आकडा सुधारलेला दिसेल, ओढा मात्र होता तिथेच असेल. आम्ही महिन्याचा दुसरा शनिवार, सकाळी साडेसात अशी वेळ ठरवली आहे. लग्नसराई असो, परीक्षा असो, सहापैकी दोघं तरी जातातच. एकट्याने मात्र पाण्यात उतरायचं नाही, हा नियम कधीच मोडायचा नाही.

आरोग्याचा खर्च वगळू नका

धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालं नसेल तर आधी घ्या. सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, बाहेर घेतलं तरी शंभराच्या आसपास. ओढ्याच्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि ते कातडीवरच्या जखमेतून शिरतात. पायाला साधा ओरखडा असला तरी त्या दिवशी काठावर बसून वही लिहायचं काम घ्या. पावसाळ्यात पाण्यात उतरल्यानंतर ताप आला, तर डॉक्टरांना ओढ्याचं आवर्जून सांगा. स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका.

काठच्या गवतात घोणस असते, म्हणून हात घालण्याआधी काठी फिरवा. कचऱ्यात इंजेक्शनच्या सुया असतात, त्यासाठी जाड प्लॅस्टिकचा डबा जवळ ठेवा. मुठेच्या काठी काम करणाऱ्यांनी खडकवासला धरणाच्या विसर्गाची बातमी बघूनच घर सोडावं. मुठेवरच्या भिडे पुलावर पाणी येतं ते अनेकदा शहरात पावसाचा टिपूस नसताना.

साफसफाई : सामान स्वस्त, वाहतूक महाग

शंभर पोती कचरा काढणं सोपं आहे. तो काठावर ठेवून घरी गेलात, तर पहिल्या पावसात पुन्हा पात्रात जातो. टेम्पो करायचा तर एका खेपेला दीड-दोन हजार जातात. पुण्यात आठवडाभर आधी क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन आरोग्य निरीक्षकांशी बोललात, तर पालिकेची गाडी बहुतेक वेळा येते. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

जलपर्णी पावसाच्या आधी काढा. अनुकूल पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. काढून काठापासून दूर टाकली नाही, तर मेहनत फुकट. मैलापाणी येत राहिलं तर ती परत येणारच, कारण ते तिचं खत आहे. पाण्यात टाकायच्या पावडरी, द्रावणं आणि मातीचे गोळे विकणारे भेटतील. पाइप चालू असताना त्यावर पैसे घालू नका. डासांसाठी गप्पी मासे सोडायचा सल्लाही मिळेल. ते आपल्या ओढ्यांचे नव्हेत आणि स्थानिक माशांच्या पिल्लांवर ताव मारतात.

जेसीबी तासाला हजार ते दीड हजारांत मिळतो, म्हणून पात्र "साफ" करायला तो बोलावण्याचा मोह होतो. कृपा करून बोलावू नका. तो कचऱ्याबरोबर दगडगोटे, वाळू आणि काठाचं गवतही उचलतो. पाणी गाळणारं आणि जीव सांभाळणारं तेच असतं. शिवाय परवानगीशिवाय पात्रात यंत्र घालता येत नाही.

झाडं : रोप स्वस्त, पाणी महाग

पन्नास झाडांचा आमचा हिशोब असा आहे :

- रोपं, ६० रुपयांप्रमाणे : ३,०००
- खड्डे, ५० रुपयांप्रमाणे : २,५००
- बांबूचं कुंपण, २०० रुपयांप्रमाणे : १०,०००
- दोन उन्हाळे, सोळा-सोळा आठवडे, पाणी घालणाऱ्या मावशींची अर्ध्या दिवसाची मजुरी ४०० प्रमाणे : १२,८००
- एकूण : २८,३००

रोपांच्या चौपटीहून जास्त पैसे पाण्याला लागतात. पावसाळ्यात फोटो काढून झाडं लावणाऱ्यांनी हाच आकडा धरलेला नसतो. पाण्याचे पैसे हातात नसतील, तर पन्नासऐवजी दहाच लावा.

वाळुंज, उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन ही काठाची झाडं आहेत. अगदी पाण्याच्या कडेला शेरणी लावा. तिच्या लवचीक फांद्या पुरात आडव्या होतात आणि मुळं काठ धरून ठेवतात. पात्राच्या मध्ये काहीही लावू नका, तिथे पुराला वाट हवी. सुबाभूळ फुकट मिळाली तरी घेऊ नका. ती पसरली की दुसऱ्याला जागा देत नाही.

कागदाचा खर्च : दहा रुपयांपासून

घरच्या किटचा आकडा कायद्यापुढे पुरावा ठरत नाही. तो सुगावा आहे. कायद्याने ग्राह्य नमुना प्रदूषण मंडळाचे अधिकारी ठरलेल्या पद्धतीने घेतात. त्यांनी यावं, नेमकं कुठे आणि केव्हा यावं, हे सांगण्याचं काम तुमची वही करते.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो. झेरॉक्स पानाला दोन रुपये. उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर आलं नाही तर पहिल्या अपिलाला वीस रुपये. तीन प्रश्न विचारा : हा पाइप कोणत्या वाहिनीचा, त्या वाहिनीचं चेंबर शेवटचं कधी साफ झालं, आणि या भागातली पूररेषा कुठून जाते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही नकाशावर बघून घ्या. तुमची झाडं आणि शेजारच्यांचा भराव नेमका कुठे आहे ते कळेल.

आमच्या पाइपचं असंच झालं. पहिल्या तक्रारीला "पाहणी केली, काही आढळले नाही" असं उत्तर आलं. त्यानंतर चौदा महिन्यांच्या नोंदी तारखेसकट जोडून दिल्या. कोरड्या महिन्यांतही पाइप सकाळच्या वेळी वाहतो, हे त्यात दिसत होतं. या वेळी आलेल्या अभियंत्यांनी सकाळी साडेसातची वेळ घेतली, आमच्याबरोबर काठाने चालत गेले आणि दोन गल्ल्या वर तुंबलेलं ड्रेनेजचं चेंबर शोधून काढलं. मैलापाणी तिथून पावसाळी वाहिनीत उतरत होतं. दुरुस्तीला तीन आठवडे लागले. पुढच्या दुसऱ्या शनिवारी बाटलीत फिक्का, चहात जास्त दूध पडल्यासारखा, पण तपकिरी साका बसला. त्याच मुलीने तो वहीत नोंदवला. नदी बरी झालेली नाही, वर अजून बरेच पाइप आहेत. पण एक बंद झाला, आणि तो कशामुळे बंद झाला ते आमच्याकडे लिहिलेलं आहे.

पैसे कुठून आणायचे?

पहिलं वर्ष स्वतःच्या खिशातून करा. खर्च छोटा राहतो आणि कुणाचा फलक लावावा लागत नाही. दुसऱ्या वर्षी वही दाखवून सोसायटीच्या सभेत प्रयोगशाळेचे चौदा हजार मागा. शंभर घरांच्या सोसायटीत ते घरामागे वर्षाला एकशेचाळीस रुपये होतात. कंपन्यांचा सीएसआर निधी नोंदणीकृत संस्थेलाच मिळतो, म्हणून तो हवा असेल तर स्वतंत्र न्यास काढण्यापेक्षा आधीपासून काम करणाऱ्या संस्थेबरोबर जा. पुण्यात जीवितनदी ही संस्था नदीकाठाचे तुकडे नागरिकांनी दत्तक घ्यावेत यासाठी काम करते. तिथे आधी दोन-तीन शनिवार-रविवार हात लावून बघा. काहीही विकत न घेता काम आपल्याला झेपतं का ते कळेल.

येत्या रविवारी

काही खरेदी करू नका. घरातली जुनी वही आणि पेन्सिल घ्या, सोबत एक माणूस घ्या. ओढ्याच्या काठावर उभं राहता येईल अशी एक जागा शोधा आणि अर्धा तास थांबा. पाण्याचा रंग, वास, वेग, काठावर दिसलेले जीव आणि पात्रात उतरणारे पाइप, एवढ्या पाच गोष्टी लिहा. वर तारीख आणि वेळ घाला. खर्च शून्य.

पुढच्या महिन्यात त्याच दिवशी, त्याच वेळी, तिथेच परत जा. दुसरं पान भरलं की मग गमबूट घ्या.